अटींसह दिलेले दान

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांकडून कर तर चोख वसूल केला जाई. परंतु शाळांसाठी खजिन्यातून रक्कम मंजूर होण्याची वेळ आली, की त्यांच्या मुलांच्या वाट्याला बहुधा मोडकी झोपडी किंवा प्रार्थनामंदिराचा एखादा कोपरा येई. ही विषमता पाहून सीअर्स-रोबक या टपालाने माल विकणाऱ्या शिकागोच्या पेढीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी, टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने, 1912 मध्ये खेड्यांतील शाळागृहांसाठी द्रव्य देण्यास प्रारंभ केला. त्यातून 1932 पर्यंत पंधरा राज्यांत सुमारे 5,000 शाळा उभ्या राहिल्या.

या दानाचे मर्म मात्र रकमेपेक्षा अटीत होते. एकूण खर्चात रोझेनवाल्डांचा वाटा सहाव्या हिश्शाहूनही कमी. कुळाने कापूस पिकवणाऱ्या आईबापांनी पैसा, जमीन, लाकूड व श्रम यांच्या रूपाने त्याहून किंचित अधिकच दिले, आणि उरलेला बहुतेक भार सरकारी खजिन्यास उचलावा लागला. शिवाय तयार झालेली शाळा सार्वजनिक शिक्षणखात्याच्या मालकीची व्हावी, अशी तजवीज होती. नाखूश अधिकाऱ्यांना जबाबदारीत गुंतवण्याचे हे चातुर्य मला त्या देणगीहूनही मोलाचे वाटते. तरीही ज्यांनी एकदा कर भरला होता त्यांच्याच खिशातून पुन्हा वर्गणी निघाली, आणि वर्णभेदाची व्यवस्था अबाधितच राहिली, हेही तितकेच खरे.

आपल्या दानाचा निधी चिरंतन राखणे रोझेनवाल्डांना मान्य नव्हते. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत तो खर्ची पडावा, अशी त्यांची अट होती. ते 1932 मध्ये निवर्तले. 1948 मध्ये निधीचे दफ्तर बंद झाले.