राखेचा उपयोग

एखादी वस्तु जळून राख झाली, म्हणजे तिचें कार्य संपलें, असें आपण समजतों. परंतु घरांतील वडील स्त्रियांस विचारा. भांडीं घांसण्यास व भाजीच्या वाफ्यांत टाकण्यास राख उपयोगी पडते, हें त्या सांगतील. तिचा आणखी एक उपयोग काँक्रीटमध्यें होतो.

सिमेंटांत पाणी मिसळलें असतां तें घट्ट होतें, व त्या क्रियेंत कांहीं चुना मोकळा होतो. हा चुना भार सोसण्यास फारसा कामाचा नसतो. राखेंत सिलिका नांवाचें द्रव्य योग्य रूपांत असेल, तर तें या चुन्याशीं संयोग पावून नवा बंध निर्माण करतें. प्राचीन रोमन लोकांनीं ज्वालामुखीची राख चुन्यांत कालवून समुद्रांत धक्के बांधले, ते याच गुणाच्या बळावर.

मात्र सर्व राख सारखी नव्हे. लाकडाच्या राखेंत चुना व पोटॅश पुष्कळ, पण सिलिका बहुधा बेताची. म्हणून सिमेंटाऐवजीं ती थोडीच घालतां येते. भंडारा व गोंदिया हे धानाचे जिल्हे. धानाचें तूस जाळल्यास 100 किलोमागें सुमारें 20 किलो राख उरते, व तींत बहुतांश सिलिकाच असते. परंतु आंच फार तीव्र झाल्यास ती सिलिका स्फटिकरूप होऊन निष्क्रिय बनते.

नागपुराजवळ कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांत दगडी कोळशाची राख निघते. भारतीय मानकाप्रमाणें अशी राख विशिष्ट जातीच्या सिमेंटांत शेंकडा 15 ते 35 पर्यंत मिसळतात. तितकें सिमेंट कमी भाजावें लागतें, व तितकाच धूरही कमी होतो. न वापरलेली राख मात्र पाण्याबरोबर तलावांत सांठवितात. जुलै 2022 मध्यें अतिवृष्टीनें कोराडी केंद्राच्या खसाळा येथील अशा तलावाचा बांध फुटला, व राखेचा गाळ शेतांत शिरला. जिनें घराच्या भिंतीस बळ द्यावयाचें, तीच राख शेतकऱ्याच्या मुळावर आली!

राखमिश्रित काँक्रीटास बळ सावकाश येतें. म्हणून त्यास अधिक दिवस पाणी मारावें लागतें. राखेंत न जळलेला कोळसा फार असूं नये व ती बारीक असावी. सारांश, पारख केल्यावांचून राख वापरूं नये, आणि पारख केल्यावांचून ती टाकूनही देऊं नये.