पिल्लाच्या भावंडांचं काय झालं?

हापूसचं कलम घेताना रत्नागिरीचा बागायतदार काडी कुठल्या झाडाची, एवढंच विचारतो. ते झाड त्याच्या माहितीतलं असलं की त्याचं समाधान होतं, आणि ते रास्तही आहे. कलमात मूळ झाडाचा गुणसंच जसाच्या तसा पुढे जातो. कुत्र्याचं पिल्लू घेतानाही आपण हीच सवय घेऊन जातो आणि तिथे मात्र फसतो. पिल्लू कलमाचं नसतं, कोयीचं असतं. हापूसची कोय रुजवून हापूसच मिळेल याची खात्री नाही, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ‘बाप चॅम्पियन आहे’ असं कुणी म्हटलं की मोठी माणसंही पाकीट उघडतात.

कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पिल्लाकडे जातं आणि दोनांपैकी कुठलं जाणार, ते दरवेळी नव्यानं ठरतं. एवढ्या एका निवडीतून एकाच नराचे शुक्रजंतू सुमारे 55 हजार कोटी प्रकारचे होऊ शकतात. मादीच्या बाजूनंही तेवढीच शक्यता. शिवाय ही निवड होण्याआधी जोडीतली गुणसूत्रं आपापसांत तुकडे बदलतात, ती भर वेगळीच. म्हणूनच एका वेताच्या पिल्लांपैकी एक फटाक्याला भुंकत सामोरं जातं आणि दुसरं कॉटखाली शिरतं.

मग वंशावळीला काही अर्थच नाही का? आहे, फक्त आपण ती चुकीच्या दिशेनं वाचतो. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणपत्रावर आई-बाप, आजे-पणजे यांची नावं असतात आणि आपली नजर त्यातले किताब शोधत वर चढते. आता हिशेब पाहा. बापाकडून निम्मा वारसा येतो. आजोबाकडून सरासरी चौथा हिस्सा, पणजोबाकडून आठवा आणि पाच पिढ्यांवरच्या पूर्वजाकडून बत्तिसावा. ‘सरासरी’ म्हणायचं कारण असं की, बापाकडून पोहोचलेल्या निम्म्या वाट्यात आजोबाचं किती आणि आजीचं किती, हे पुन्हा नशिबावर. किताब मिळवलेला खापरपणजोबा कागदावर दिमाखात दिसतो, पण पिल्लात तो जेमतेम उरलेला असतो.

खरी माहिती वंशावळीच्या आडव्या ओळीत असते. पिल्लाची सख्खी भावंडं, आधीच्या वेताची भावंडं, आईच्या बहिणी, बापाचे भाऊ, यांचं पुढे काय झालं? प्रमाणपत्रावर ही माणसं (कुत्र्यांना माणसं म्हटलं तरी चालेल, घरात ती तशीच राहतात) सहसा नसतातच. लॅब्रॅडॉरमध्ये आढळणारा दृष्टिपटल झिजत जाण्याचा एक आजार घ्या. कुत्र्याला आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दिवसाचंही. सदोष जनुकाची प्रत आई आणि बाप अशा दोघांकडून आली, तरच हा आजार होतो. एकच प्रत असलेला कुत्रा जन्मभर ठणठणीत राहतो, पण आजाराचा वाहक असतो. असे दोन वाहक एकत्र आले, तर दर चार पिल्लांमागे सरासरी एक आंधळं होणार. जी निरोगी दिसतात, त्यांतही तिनांतली दोन वाहक. लक्षणं बहुधा काही वर्षांनी दिसतात आणि तोवर त्या कुत्र्याची स्वतःची पिल्लं घरोघरी गेलेली असतात. इथे नुसतं कुत्र्याकडे पाहून काहीच कळत नाही, एक आंधळी बहीण मात्र सगळं सांगून जाते. आता रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून या जनुकाची चाचणी होते. अशी चाचणी न करता लॅब्रॅडॉरची जोडी लावणं मला अक्षम्य वाटतं.

कुठल्या गुणासाठी कुत्रा पाहायचा आणि कुठल्यासाठी गोतावळा, याचं उत्तर आनुवंशिकतेच्या प्रमाणात असतं. उंचीसारखा गुण मुख्यतः जनुकांवर ठरतो, तिथे कुत्र्याला मोजपट्टी लावली की बरंच कळतं. एका वेताला किती पिल्लं होणार, ती जगणार किती, यावर आहार, वय आणि हवामान यांचा मोठा प्रभाव असतो. तिथे एका मादीच्या एका वेतावरून अंदाज बांधणं फसवं, तिच्या आई-मावश्यांचीही वेतं मोजावी लागतात. खुब्याच्या सांध्याचा दोष या दोन्हींच्या मधला. सांध्याची घडण वारशानं येते, पण ती किती बिघडते हे घरातही ठरतं. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच वेताच्या भावंडांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं होतं. कमी खाणारी भावंडं सरासरीनं सुमारे 13 वर्षं जगली, भरपेट खाणारी 11 वर्षांच्या आसपास, आणि कमी खाणाऱ्यांचे सांधेही उशिरा झिजले. तेव्हा लंगडणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं खापर पैदास करणाऱ्याच्या माथी फोडता येत नाही. मात्र वर्ष उलटल्यावर, जोडी लावण्याआधी, खुब्याचा एक्स-रे काढून घेणं त्याच्याच हाती असतं.

स्वभावाच्या बाबतीत तर जातीच्या नावावरची भिस्त आणखी कमी ठेवावी. 2022 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात 18 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकंही तपासली होती. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीनं उलगडतो, असं त्यातून दिसलं. आंब्याची बाग राखायला ‘तिखट’ म्हणून एखादी महागडी जात आणणाऱ्यानं हा आकडा ध्यानात ठेवावा आणि त्या विशिष्ट पिल्लाची आई परक्या माणसाशी कशी वागते, ते स्वतः पाहावं.

घाट ओलांडला की आपली स्वतःची एक जात भेटते. सांगली, सोलापूर, लातूरकडे तिला कारवानी म्हणतात, सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ हाउंड. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिची निवडून पैदास केली. 2005 मध्ये ती टपाल तिकिटावरही आली. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि नजरेनं सावज टिपून सुटणारी धाव. पिढ्यानपिढ्या तिची निवड माळरानावर झाली. ससा ज्याच्या टप्प्यात आला, त्या कुत्र्याला मादी दाखवायची. कागद नव्हता, पण परीक्षा खरी होती. आता मागणी रंगाला आणि उंचीला आली आहे, वेगासाठी कुणी ग्रेहाउंडचं रक्त मिसळतं, आणि एखादा नावाजलेला नर सगळ्या तालुक्याच्या माद्यांना लावला जातो. हे शेवटचं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. दोन-तीन पिढ्यांत सगळीच एकमेकांची सावत्र भावंडं होतात, आणि त्या नरात दडलेलं एखादं सदोष जनुक दोन्ही बाजूंनी पिल्लात येऊन मिळतं.

ही जवळीक मोजता येते. सावत्र भावंडांच्या पिल्लात अंतःप्रजननाचं प्रमाण साडेबारा टक्के असतं, सख्ख्यांच्या पिल्लात 25 टक्के. 2021 मध्ये सव्वादोनशेच्या वर जातींची जनुकं तपासली, तेव्हा त्यांची सरासरीच 25 टक्क्यांच्या घरात निघाली. म्हणजे चार-पाच पिढ्यांच्या कागदावर नातं दिसत नसलं, तरी कितीतरी जातींत कुठलीही जोडी सख्ख्या भावंडांइतकी जवळची भरते.

यातून वाट निघते, पण त्यासाठी शुद्धतेचा हट्ट थोडा सोडावा लागतो. डाल्मेशियन जातीत लघवीतल्या युरिक ॲसिडचं प्रमाण वाढवणारं जनुक इतकं पसरलं होतं, की निर्दोष प्रत जवळजवळ उरलीच नव्हती. खड्यांमुळे कुत्रे तळमळायचे. रॉबर्ट शायबल या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञानं 1973 मध्ये डाल्मेशियनचा पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. दरवेळी निर्दोष प्रत असलेली पिल्लंच पुढे घेतली. ठिपके परत आले, खड्यांचा त्रास गेला. अमेरिकेच्या केनेल क्लबनं मात्र अशा कुत्र्यांची नोंद स्वीकारायला 2011 साल उजाडलं. कोकणाला ही रीत परकी वाटायचं कारण नाही. हापूसमधला साका, म्हणजे गराचा दोष, टाळण्यासाठी वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं नीलमशी संकर करून 1981 मध्ये ‘रत्ना’ आणला आणि त्याचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’ काढला.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आणखी एक कसोटी लावावीच लागते. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून, जिभेवरची आणि नाकातली ओल उडवून घालवतो. दमट हवेत ती ओल नीट उडत नाही. चपट्या नाकाचा पग किंवा दाट केसांचा हस्की इथे एप्रिल-मे कसा काढतो, हे कुठल्याही किताबावरून कळणार नाही. इथेच दोन-तीन पावसाळे काढलेले आई-बाप पाहावेत, त्यांची कातडी, कान आणि गोचिडांमुळे येणाऱ्या तापाचा इतिहास विचारावा. वाडीवरच्या गावठी कुत्र्यांची ही परीक्षा कधीच होऊन गेली आहे, आणि बागेच्या राखणीला मी तरी आधी त्यांच्यातूनच पिल्लू निवडेन.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादी किमान 18 महिन्यांची असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्याच्या जोडीला प्रत्येकानं एक वही ठेवावी: वेतात किती पिल्लं झाली, किती मेली, कुणाची नजर गेली, कोण लंगडलं, कुणी चावा घेतला, कोण किती वर्षं जगलं. पिल्लं देतानाच मालकांकडून दरवर्षी एक फोन करायचं कबूल करून घेतलं, तर ही वही आपोआप भरत जाते. विकत घेणाऱ्यांनी ती मागायला सुरुवात केली, की ठेवणारेही वाढतील.