मोत्यानं अडवलेली घटका

आमच्या चाकूरहून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा तुडवावा लागतो. तरी सुट्टीत आलेल्या भाच्यानं वहीच्या मागच्या पानावर समुद्री राक्षस काढलाच. आठ हात, आणि हरेक हातात पाढ्यांच्या पुस्तकाचं फाडलेलं पान. "मामा, हा गणिताचा दुश्मन." मला हसू आलं. गणिताला आडवा आलेला समुद्रातला खलनायक आपल्याकडं आधीच होऊन गेलाय. त्याला हात एकही नव्हता.

गोष्ट गणिती भास्कराचार्यांच्या मुलीची, लीलावतीची. तिच्या पत्रिकेत लग्नाचा योग नव्हता म्हणतात. भास्कराचार्यांनी गणित मांडून एक मुहूर्त काढला आणि घटिकापात्र लावलं. म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडली की पाणी हळूहळू आत चढतं आणि २४ मिनिटांनी वाटी बुडते. ती एक घटका. अशा ६० घटका म्हणजे एक दिवस-रात्र. 'त्याची घटका भरली' असं आपण म्हणतो, ते या वाटीवरूनच. लीलावती कुतूहलानं वाकली, अंगावरचा मोती वाटीत पडला आणि नेमका भोकावर बसला. मोती पाण्याच्या सुमारे पावणेतीन पट जड, तो काय तरंगणार? वाटी बुडेना. मुहूर्त टळला.

खलनायकाच्या पोटात जुना सल लागतो. मोती तर मुळात सलच. शिंपल्याच्या मऊ अंगात परजीवी शिरला किंवा इजा झाली, की शिंपला त्या जागेभोवती चकाकत्या द्रव्याचे थर वर्षानुवर्षं चढवत राहतो.

आता खरं सांगायचं तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात ही गोष्टच नाही. ग्रंथ ११५० चा. गोष्ट येते अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादात, ४३७ वर्षांनी. दगडावर कोरलेला पुरावा वेगळंच सांगतो. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ च्या सुमारास मठ काढल्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो उजेडात आणला. घरातलं गणित काही त्या मोत्यापाशी अडलं नव्हतं.

ग्रंथातलं पाणी तर गणिताच्या बाजूचंच. तळ्यात कमळाची कळी अर्धा हात वर आहे. वाऱ्यानं कलून दोन हातांवर बुडते. पाणी किती खोल? देठाची लांबी बदलत नाही, एवढं धरलं की काटकोन त्रिकोण उभा राहतो. पावणेचारचा वर्ग अधिक दोनचा वर्ग, बरोबर सव्वाचारचा वर्ग. भाच्याला उत्तर मिळालं ३.७५. ओसरीवरून माझे वडील म्हणाले, "पावणेचार म्हण की!" पाऊणकी पाठ केलेली पिढी ती.

मग आम्ही ॲल्युमिनियमच्या जुन्या वाटीला भोक पाडून ती बादलीत सोडली. भोकावर काचेची गोटी ठेवली. वाटी हटून बसली. गोटी काढली, तसं पाणी चढू लागलं. भाचा टक लावून पुटपुटत होता. वाटी कलंडली, बुडाली.

"दोनशे बारा," तो म्हणाला.

पाढ्यांवर दात धरलेलं पोरगं सारा वेळ मोजत बसलं होतं.