दुहेरी वाचन (संगणक सुरक्षा)

दुहेरी वाचन किंवा डबल फेच हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजेच तिच्या गाभ्यामध्ये, आढळणारा रेस कंडिशन प्रकारचा दोष आहे. वापरकर्त्याच्या मेमरीतील एकच मूल्य कर्नलने दोनदा वाचले आणि दरम्यानच्या काळात ते बदलले गेले, तर पहिल्या वाचनावर केलेली तपासणी दुसऱ्या वाचनाला लागू राहत नाही. 'डबल फेच' ही संज्ञा मायक्रोसॉफ्टमधील सुरक्षातज्ज्ञ फर्मिन सेर्ना यांनी २००८ साली विंडोज कर्नलमधील एका दोषाचे विश्लेषण करताना वापरली.

पार्श्वभूमी

आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मेमरीचे दोन विभाग असतात. कर्नलच्या विभागाला सामान्य प्रोग्रॅम हात लावू शकत नाही. कर्नल मात्र प्रोग्रॅमच्या विभागातील माहिती वाचू शकतो. फाइल उघडणे, संदेश पाठवणे यांसारख्या कामासाठी प्रोग्रॅम सिस्टिम कॉल करतो आणि आवश्यक माहितीचा पत्ता कर्नलला देतो. लिनक्समध्ये ही माहिती 'कॉपी_फ्रॉम_युझर' किंवा 'गेट_युझर' या फंक्शनांद्वारे कर्नलच्या मेमरीत आणली जाते. पत्ता वापरकर्त्याच्या हद्दीतीलच आहे ना, हे ही फंक्शने पाहतात. त्या पत्त्यावरील मजकूर पुढे तसाच राहील, याची हमी ती देत नाहीत.

दोषाचे स्वरूप

एकाच प्रोग्रॅमचे अनेक थ्रेड मेमरीचा एकच विभाग वापरतात. एक थ्रेड सिस्टिम कॉलमध्ये गुंतलेला असताना दुसरा थ्रेड त्याच जागेवर नवे मूल्य लिहू शकतो.

बाजारातील व्यवहारावरून हे समजून घेता येते. निफाड तालुक्यातील सायखेडा येथे कांद्याचा उपबाजार आहे. अशा बाजारात भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर तोलून वजनाची पावती दिली जाते. समजा, तोलल्यानंतर ट्रॉली खळ्यावर रिकामी होईपर्यंत तिच्यातील माल बदलला. तर पावती खरी असूनही ती उतरलेल्या मालाची राहत नाही. कर्नलमध्येही तपासणी आणि वापर यांच्यामधील असाच काळ धोक्याचा असतो.

हा काळ अत्यल्प असल्यामुळे नेहमीच्या चाचण्यांत दोष सहसा प्रकट होत नाही. हल्लेखोर मात्र तोच सिस्टिम कॉल हजारो वेळा करू शकतो, किंवा पेज फॉल्ट घडवून कर्नलला दोन वाचनांच्या मध्ये थांबवू शकतो.

उदाहरण

लिनक्स कर्नलच्या ४.७ पर्यंतच्या आवृत्त्यांतील एका फंक्शनमध्ये असा दोष होता. तो सीव्हीई-२०१६-६५१६ या क्रमांकाने नोंदवलेला आहे. फाइलींमधील समान भाग एकत्र करण्याच्या या सोयीत कर्नल प्रथम नोंदींची संख्या वाचत असे व तेवढ्याच आकाराची जागा राखून ठेवत असे. त्यानंतर संख्येसह संपूर्ण माहितीची प्रत केली जाई आणि पुढील काम या प्रतीतील संख्येनुसार चाले. दरम्यान संख्या वाढवल्यास कर्नल राखीव जागेच्या पलीकडे लिहू लागे. त्यातून यंत्रणा बंद पडण्याचा, तसेच सामान्य वापरकर्त्याला जादा अधिकार मिळण्याचा धोका होता. दुरुस्ती एका ओळीची होती: प्रत झाल्यावर तिच्यातील संख्येच्या जागी आधी वाचलेली संख्या पुन्हा लिहिणे.

प्रतिबंध

कर्नलमधील लॉक या दोषावर उपयोगी पडत नाही. लॉक पाळणाऱ्यांनाच तो अडवतो आणि वापरकर्त्याच्या थ्रेडवर तो पाळण्याचे बंधन नसते. म्हणून माहिती एकदाच वाचावी, कर्नलमधील प्रत तपासावी आणि तीच प्रत वापरावी, हा मूळ नियम मानला जातो.

माहितीचा आकार तिच्याच शीर्षभागात लिहिलेला असेल, तर दोनदा वाचणे टाळता येत नाही. अशा वेळी दुसऱ्या खेपेस शीर्षभाग वगळून फक्त उर्वरित भाग वाचतात, पहिल्या खेपेचा शीर्षभाग प्रतीवर पुन्हा लिहितात, किंवा दोन्ही मूल्ये ताडून फरक आढळल्यास विनंती नाकारतात. आकार सिस्टिम कॉलचा स्वतंत्र घटक म्हणून रजिस्टरमधून देणे अधिक सुरक्षित असते, कारण दुसरा थ्रेड तो बदलू शकत नाही. २०१९ मधील लिनक्स ५.४ मध्ये आलेले 'कॉपी_स्ट्रक्ट_फ्रॉम_युझर' हे फंक्शन याच पद्धतीला अनुसरून आहे.

सामायिक मेमरी थेट वाचली जात असेल, तर कंपायलरकडेही लक्ष द्यावे लागते. प्रोग्रॅमच्या मजकुरात एकदाच लिहिलेले वाचन कंपायलर दोनदा करू शकतो. झेन या आभासीकरण प्रणालीच्या संदर्भात २०१५ साली असे दोष जाहीर झाले. लिनक्समधील 'रीड_वन्स' हा मॅक्रो कंपायलरला एकाच वाचनाचे बंधन घालतो. इंटेल प्रोसेसरमधील स्मॅप ही सोय कर्नलला वापरकर्त्याची मेमरी चुकून थेट वाचण्यापासून अडवते. परंतु रीतसर केलेल्या दोन वाचनांना ती रोखत नाही.

शोधपद्धती

मातेउश युर्चिक आणि गिन्वाएल कोल्डविंड यांनी २०१३ मध्ये बॉक्स या एम्युलेटरवर विंडोज चालवून मेमरीच्या प्रत्येक वाचनाची नोंद घेतली आणि अनेक दोष उघडकीस आणले. मात्र या पद्धतीत ज्या ड्रायव्हरचे उपकरण उपलब्ध नाही, तो तपासता येत नाही. पेंगफेई वांग व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लिनक्सचा सोर्स कोड थेट तपासला. त्यांना दुहेरी वाचनाच्या ९० जागा आढळल्या. त्यांपैकी ५७ ड्रायव्हरांमध्ये होत्या. यातील बहुतेक जागा निर्धोक होत्या, कारण दुसऱ्यांदा वाचलेले मूल्य निर्णायक ठरत नव्हते. तरीही पुढील फेरबदलांत अशी जागा धोकादायक बनू शकते.

महत्त्व

या हल्ल्यासाठी त्या यंत्रावर प्रोग्रॅम चालवण्याची मुभा असावी लागते. म्हणून तो स्थानिक हल्ला मानला जातो. मात्र अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतात आणि त्यांवर बसवलेले प्रत्येक अ‍ॅप हा स्थानिक प्रोग्रॅमच असतो. अ‍ॅपला नाकारलेली परवानगी ही कर्नलने उभारलेल्या सीमेवर अवलंबून असते. कर्नलमधील एका अनावश्यक वाचनामुळे ती सीमाच भेदली जाऊ शकते.