ज्याने पाऊल पुढे टाकले नाही

या पानावर माझे नाव दिसले की बोंडअळी, ठिबक किंवा माती परीक्षण असे काहीतरी असणार, असे वाचक धरून चालतात. आज तसे नाही. आज एका मुष्टियोद्ध्याविषयी लिहायचे आहे. गेल्या महिन्यात मुलगा सुट्टीला घरी आला होता. त्याने लॅपटॉपवर दोन रात्री दोन इंग्रजी माहितीपट दाखवले. सोबतीला शेजारचे नाना होते. नाना म्हणजे आमच्या गावच्या तालमीचे जुने वस्ताद, वय ऐंशीच्या पुढे. इंग्रजीचा गंध नाही, पण अंगाचा आणि हातापायांचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. मी अर्थ सांगत होतो, ते बघत होते.

माहितीपट होते मुहम्मद अलीवर. आमच्या पिढीला हे नाव नवीन नाही. आमच्या लहानपणी गावातल्या केशकर्तनाच्या दुकानात आरशाशेजारी त्याचा फोटो चिकटवलेला असे. १९८० साली तो भारतातही येऊन गेला. दिल्लीत इंदिरा गांधींना भेटला, मद्रासला हजारो लोकांसमोर त्याने प्रदर्शनाची लढत केली. मोठा पैलवान, एवढेच आम्हांला ठाऊक. त्याच्या देशातले लोक एकेकाळी त्याच्या नावाने बोटे मोडत होते, हे कोणी सांगितले नव्हते.

पहिला चित्रपट बिल सीगल यांचा, २०१३ सालचा, ‘द ट्रायल्स ऑफ मुहम्मद अली’. सुरुवातीलाच दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवले आहेत. पहिला १९६८ चा. टीव्हीवर एक नामांकित अमेरिकन माणूस अली ऐकत असताना त्याची बिनपाण्याने करतो: हा देशाला कलंक आहे, आपल्या वंशाला आणि धंद्याला कलंक आहे, हा तुरुंगात जाईल आणि जायलाच हवा. दुसरा प्रसंग २००५ चा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश व्हाइट हाउसमध्ये त्याच माणसाच्या गळ्यात देशाचे सर्वोच्च नागरी पदक घालतात. अलीचे हात तोवर कंपवाताने थरथरू लागलेले.

नानांनी विचारले, “हा तोच का?”

तोच. जन्म १७ जानेवारी १९४२, केंटकी राज्यातले लुईव्हिल गाव. वडील पाट्या रंगवत, आई लोकांच्या घरी कामाला जाई. मूळ नाव कॅशियस क्ले. बारा वर्षांचा असताना त्याची नवी सायकल चोरीला गेली. रडत-ओरडत तो पोलिसाकडे गेला आणि चोर सापडला तर हाणीन म्हणाला. तो पोलीस गावातल्या मुलांना मुष्टियुद्ध शिकवणारा निघाला. आधी हाणायला शिक, असे त्याने सुचवले. सहा वर्षांत, १९६० साली, या पोराने रोमच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. गावी परतल्यावर त्याच गावातल्या हॉटेलांत त्याला जेवायला वाढत नव्हते, कारण कातडी काळी. (त्या रागाने त्याने पदक नदीत फेकले, अशी गोष्ट त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्याच्या जवळच्यांनी मात्र ती खोटी म्हणून सांगितली.)

२५ फेब्रुवारी १९६४ ला त्याने सनी लिस्टनला हरवून जगाचे अजिंक्यपद घेतले. बावीस वर्षांचे वय. तोंडाचा फाटका, स्वतःची आरती स्वतःच ओवाळणारा. लोकांना त्याची गंमत वाटे. पण लगेच त्याने जाहीर केले की आपण ‘नेशन ऑफ इस्लाम’ या पंथात आहोत, आणि थोड्याच दिवसांत पंथप्रमुख एलिजा मुहम्मद यांनी त्याला नवे नाव दिले. मग गंमत संपली.

हा पंथ म्हणजे जगभरच्या मुसलमानांचा धर्म नव्हे, हे इथे सांगितले पाहिजे. काळ्या लोकांनी स्वतःचे दुकान, स्वतःची शाळा, स्वतःची शेती उभी करावी, दारू-डुक्कर सोडावे, ताठ मानेने जगावे, ही त्याची एक बाजू. गोरा माणूस जन्मतःच सैतान आहे आणि दोन्ही वंशांनी कायमचे वेगळे राहावे, ही दुसरी. अली दोन्ही बाजू सारख्याच जोराने बोले. चित्रपट हे झाकत नाही, म्हणून मला तो आवडला. त्याला या वाटेवर आणणारा जवळचा मित्र माल्कम एक्स पंथातून बाहेर पडला, तेव्हा अलीने त्याच्याकडे पाठ फिरवली. १९६४ च्या मे महिन्यात आफ्रिकेतल्या घाना देशात दोघे समोरासमोर आले, तेव्हाही तो धड बोलला नाही. पुढच्या फेब्रुवारीत माल्कमचा खून झाला. त्याची माफी मागायची राहून गेली, असे अलीने २००४ साली लिहिले. चाळीस वर्षे उशीर झाला होता.

आता मुख्य गोष्ट. अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात होती आणि तरुणांना सक्तीने लष्करात घेत होती. १९६४ मध्ये अली लेखी चाचणीत नापास झाला होता. १९६६ मध्ये चाचणीची अट खाली आणली आणि तो पात्र ठरला. वार्ताहरांनी गाठले तेव्हा, त्या लोकांशी आपले काही भांडण नाही, अशा अर्थाचे तो बोलून गेला. आपला धर्म असल्या युद्धाची परवानगी देत नाही, म्हणून सूट द्या, असा त्याने अर्ज केला. चौकशीला नेमलेल्या निवृत्त न्यायाधीशांनी तो प्रामाणिक आहे असा निर्वाळा दिला. तो न्यायखात्याने बाजूला ठेवला.

२८ एप्रिल १९६७, ह्यूस्टन शहर. भरतीच्या खोलीत तरुणांची रांग. ज्याचे नाव पुकारतील त्याने एक पाऊल पुढे टाकायचे, की तो लष्करात गेला. अलीचे जुने नाव पुकारले. तो हलला नाही. पाच वर्षे कैद आणि दहा हजार डॉलर दंड होईल, याची समज दिली. पुन्हा पुकारले. तो जागचा हलला नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याला कोणी बंदूक देऊन आघाडीवर पाठवणार नव्हते. आधीच्या महायुद्धात जो लुईस या अजिंक्यवीराने सैनिकांपुढे प्रदर्शनाच्या कुस्त्या केल्या होत्या. अलीलाही तेच काम मिळाले असते. एक पाऊल टाकले असते तर पद राहिले असते, पैसा राहिला असता. न टाकल्यावर तासाभरात न्यूयॉर्कने त्याचा परवाना काढून घेतला, इतरांनी मागोमाग तेच केले. जूनमध्ये शिक्षा झाली. अपील चालू असेपर्यंत तो जामिनावर बाहेर राहिला, पण पारपत्र जप्त, म्हणजे परदेशातही लढता येईना.

साडेतीन वर्षांहून अधिक काळ त्याने एकही लढत केली नाही. वय पंचवीस ते अठ्ठावीस. बागायतदाराला हे समजावून सांगायला नको. ऐन बहराच्या तीन वर्षांत बाग बंद ठेवली, तर पुढे पाणी-खत कितीही दिले तरी ती तीन वर्षे झाडावर परत लागत नाहीत. महाविद्यालयांतून भाषणे करून तो पोट भरत होता. त्यातच १९६९ मध्ये, पैशासाठी पुन्हा लढेन, असे म्हणाल्यामुळे त्याच्या पंथप्रमुखांनीही त्याला दूर केले. ज्यांच्यासाठी सोडले, त्यांनीही दार लावले. या ठिकाणी नाना बराच वेळ मान हलवत होते.

न्यायालयातली हकीकत तर कादंबरीसारखी आहे. सर्वोच्च न्यायालयात आठ न्यायमूर्तींपुढे प्रकरण गेले. पहिल्या मतदानात पाच विरुद्ध तीन, अलीने तुरुंगात जावे. निकाल लिहिण्याचे काम न्यायमूर्ती हार्लन यांच्याकडे आले. त्यांच्या तरुण मदतनिसांनी त्यांना पंथाचे ग्रंथ वाचायला लावले. म्हाताऱ्या हार्लननी वाचले आणि मत बदलले. चार-चार झाले. शेवटी तांत्रिक मुद्दा शोधला: सूट नाकारताना मंडळाने कारणच दिलेले नाही, आणि न्यायखात्याचा सल्ला चुकीचा होता. २८ जून १९७१ रोजी एकमताने शिक्षा रद्द. त्याचे म्हणणे बरोबर होते की नाही, यावर न्यायालय बोललेच नाही. सरकारी कागदांचा तीस वर्षांचा अनुभव असल्याने मला याचे नवल वाटले नाही.

इथपर्यंत पाहून मी झोपायला गेलो असतो, तर हा लेख एका वीरपुरुषाचा झाला असता. दुसऱ्या रात्री मुलाने दुसरा चित्रपट लावला, जॉन डाउअर यांचा ‘थ्रिला इन मनिला’, २००८ सालचा. हा अलीच्या नव्हे, त्याचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर याच्या बाजूने सांगितलेला आहे.

फ्रेझर आपल्यातला माणूस. साऊथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टजवळच्या शेतकऱ्याचा पोरगा. आईबाप गोऱ्या मळेवाल्यांच्या रानात राबत. घरची जमीन दहा एकर, पांढरी आणि निकस. मका नाही, वाटाणा नाही. कापूस आणि कलिंगड तेवढे येई. (हे फ्रेझरने आत्मचरित्रात लिहिले आहे. शेतीखात्याच्या माणसाचे लक्ष अशा ठिकाणी अडकणारच.) बापाचा डावा हात गेलेला, म्हणून धाकटा जो त्याचा डावा हात होऊन सोबत फिरे. घरातल्या पोत्यात चिंध्या, दाणे काढलेली मक्याची कणसे आणि मधोमध वीट भरून त्याने ते ओक झाडाला टांगले आणि त्यावर ठोसे मारायला शिकला.

नानांनी मध्येच चित्र थांबवायला लावले. “साहेब, ह्याचा डावा हात बघा. पुरता सरळ होत न्हाय.”

खरेच होते ते. घरी तीनशे पौंडांचे, म्हणजे सव्वाशे किलोंच्या वरचे, एक डुक्कर होते. पोराने त्याला डिवचले, ते मागे लागले, आणि पळताना तो विटेवर आपटला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हात आपला आपण जुळला, पण वाकडा. तोच वाकडा हात पुढे जगातला सर्वांत भयंकर डावा ठोसा झाला.

अलीचा परवाना गेला त्या काळात फ्रेझर अजिंक्यवीर झाला. त्याने अलीला अडीअडचणीला पैसे दिले, त्याला पुन्हा लढू द्या म्हणून शब्द टाकला. आणि अली परत आल्यावर काय म्हणाला? फ्रेझर हा गोऱ्यांचा हुजऱ्या आहे, अडाणी आहे, कुरूप आहे. गोऱ्यांच्या शेतात घाम गाळलेल्या माणसाला हे गुळगुळीत बोलणाऱ्या शहरी पोराने ऐकवायचे, आणि देशातल्या काळ्या तरुणांनी टाळ्या पिटायच्या! फ्रेझरच्या मुलांना शाळेत त्रास झाला, घरी धमक्या आल्या.

८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये दोघे भिडले. प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलर. पंधराव्या फेरीत तो वाकडा डावा हात अलीच्या जबड्यावर बसला आणि अली पाठीवर पडला. उठला, पण गुणांवर हरला. त्या कमाईतून फ्रेझरने आईसाठी मळा विकत घेतला.

१९७५ मध्ये फिलिपिन्समधल्या लढतीपूर्वी अली फ्रेझरला गोरिला म्हणू लागला. वार्ताहरांपुढे खिशातून रबरी माकड काढून त्याला ठोसे मारू लागला. काळ्या माणसाला माकड म्हणणे ही गोऱ्यांचीच जुनी शिवी. माणुसकीसाठी तुरुंग पत्करणाऱ्याने तीच उचलावी! तिकिटे खपवण्यासाठी केले, असे तो नंतर म्हणे. मला हे पटत नाही.

१ ऑक्टोबरला, सकाळच्या उकाड्यात, चौदा फेऱ्या झाल्या. फ्रेझरला दिसेनासे झाले. पंधराव्या फेरीसाठी तो उठत होता, पण त्याच्या वस्तादाने त्याला खाली बसवले आणि लढत सोडली. नाना इथे मोठ्याने म्हणाले, “हा खरा वस्ताद.” जिंकलेला अली काही क्षणांत कोसळला. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असे तो पुढे सांगे. तरीही तो सहा वर्षे आणखी लढत राहिला. १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले.

चित्रपटात म्हातारा फ्रेझर फिलाडेल्फियातल्या आपल्या तालमीवरच्या खोलीत राहताना दिसतो. अलीची आजची दशा आपल्या ठोशांनी झाली, असे तो समाधानाने सुचवतो. ते ऐकवत नाही. पण तेहतीस वर्षे मनात धरलेला सल असा बाहेर येतो. अलीने २००१ मध्ये वर्तमानपत्रातून माफी मागितली होती. चारचौघांत केलेला अपमान कागदावर मिटत नाही, हे गावात राहणाऱ्याला ठाऊक असते.

फ्रेझर नोव्हेंबर २०११ मध्ये वारला. अंत्यविधीला अली आला, थकलेला, आधाराने चालणारा. प्रवचनात धर्मोपदेशकांनी सर्वांना उभे राहून जोसाठी टाळ्या वाजवायला सांगितले. अली उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. पुढे ३ जून २०१६ ला तोही गेला.

हे सगळे नानांना सांगून झाले तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. मुलगा लॅपटॉप बंद करायला निघाला. नानांनी त्याला थांबवले आणि १९७१ ची ती पंधरावी फेरी पुन्हा लावायला सांगितली. अली पडला, नानांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पाच व्हायच्या आत तो उभा होता. “अजून एकदा लाव,” ते म्हणाले.