पोले पोले : किलिमांजारो चढण्याची तयारी

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, असे विचारले तर तुम्ही लगेच उत्तर द्याल, "कळसूबाई!" त्याची उंची १,६४६ मीटर आहे. तुमच्यापैकी काहीजण ते चढूनही आले असतील. आता आफ्रिका खंडाचा नकाशा उघडा. विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला, टांझानिया देशात, तुम्हांला किलिमांजारो हे नाव सापडेल. या पर्वताची उंची ५,८९५ मीटर आहे. आफ्रिकेतील हा सर्वांत उंच पर्वत होय. त्यावर जाण्याच्या एका वाटेचे प्रवेशद्वार मारंगू या गावी आहे. ते प्रवेशद्वारच १,८०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर आहे. म्हणजे कळसूबाईचा माथा जेथे संपतो, त्याच्याही वर किलिमांजारोची चढण सुरू होते.

इतका उंच पर्वत, आणि तरीही पूर्वी कधी बर्फ न पाहिलेली माणसे तो चढून जातात. कारण नेहमीच्या वाटांवर दोर बांधून कडे चढावे लागत नाहीत. माथ्यापर्यंत पायी चालत जाता येते. परंतु 'चालत जाता येते' याचा अर्थ 'सोपे आहे' असा मात्र नाही. अनेकजण अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. काहींच्या तर जिवावर बेतते. परत फिरणाऱ्यांत चांगले धडधाकट तरुणही असतात. असे का होते, आणि नवख्या माणसाने कोणती तयारी करावी, ते आपण पाहू.

आधी या पर्वताची थोडी ओळख करून घेऊ. किलिमांजारो हा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याला शिरा, मावेन्झी आणि किबो असे तीन सुळके आहेत. सर्वांत उंच टोक किबोवर आहे. पायथ्याशी केळी आणि कॉफीचे मळे दिसतात. त्यांच्यावर घनदाट, ओलसर जंगल लागते. पुढे झुडपे आणि माळरान येते. त्यानंतर झाड ना झुडूप असे दगडमातीचे वाळवंट आणि शेवटी बर्फ! विषुववृत्ताजवळ बर्फ असू शकेल यावर पूर्वी लोकांचा विश्वासच बसत नसे. १८४८ मध्ये योहान्स रेबमान या जर्मन धर्मोपदेशकाने हा बर्फाच्छादित पर्वत पाहिल्याचे कळवले, तेव्हा युरोपातील विद्वानांनी त्याचे म्हणणे खोटे ठरवले. आज हा बर्फ झपाट्याने कमी होत आहे. १९१२ नंतरच्या शंभर वर्षांत त्यातील ८० टक्क्यांहून अधिक बर्फ नाहीसा झाला.

या भागात स्वाहिली भाषा बोलली जाते. शेकडो वर्षे अरब व्यापारी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ये-जा करीत असत. त्यामुळे या भाषेत पुष्कळ अरबी शब्द मिसळले. तुम्ही उर्दूतून शिकता, म्हणून ते तुम्हांला परके वाटणार नाहीत. मित्राला तेथे 'रफिकी' म्हणतात, बातमीला 'हबारी', वेळेला 'वकाती', हवेला 'हेवा', औषधाला 'दवा', धोक्याला 'हातारी' आणि प्रवासाला 'सफारी'. किबोच्या सर्वोच्च टोकाचे नाव आहे 'उहुरू', म्हणजे स्वातंत्र्य. १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा हे नाव दिले गेले. 'हुर्रियत' या शब्दाशी त्याचे नाते तुमच्या लक्षात आलेच असेल. मात्र या पर्वतावर सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द अरबीतून आलेला नाही. तो शब्द आहे 'पोले पोले', म्हणजे 'हळूहळू'. वाटाडे दिवसभर हाच शब्द उच्चारत असतात. साऱ्या तयारीचे सार या एका शब्दात आहे.

समुद्रकिनाऱ्यावरील हवेत जवळजवळ २१ टक्के प्राणवायू असतो. किलिमांजारोच्या माथ्यावरही हे प्रमाण २१ टक्केच असते. मग वर गेल्यावर धाप का लागते? घरात एकावर एक रचून ठेवलेल्या गाद्या आठवा. सर्वांत खालची गादी वरच्या गाद्यांच्या वजनाने दबून जाते. सर्वांत वरची गादी मात्र फुगलेली आणि सैल राहते. हवेचेही तसेच आहे. खालची हवा दाट असते, वरची विरळ असते. उहुरू शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो. म्हणून तेथे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायूही सुमारे निम्माच मिळतो.

आपले शरीर मोठे हुशार आहे. कमी प्राणवायूत काम कसे चालवावे, हे ते शिकून घेते. श्वास खोल आणि जलद होतो. हृदयाचे ठोके वाढतात. मूत्रपिंडे रक्तातील क्षारांचा तोल नव्याने सांभाळतात. पुढे रक्तातील तांबड्या पेशीही वाढतात. परंतु या शिकण्याला दिवस लागतात. ताकदवान माणसाचे शरीर हे काम लवकर करते, असे मुळीच नाही. उलट, ताकदवान माणूस भराभर चढतो आणि शरीराला शिकायला वेळच देत नाही. धडधाकट तरुण आजारी पडतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

म्हणून तयारीतील पहिली गोष्ट म्हणजे दिवसांचा हिशेब. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची जागा दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावे, असे डॉक्टर सांगतात. आता मारंगूची वाट पाहा. तिच्यावर मुक्कामासाठी लाकडी झोपड्या आहेत. पहिला मुक्काम मंदारा येथे, सुमारे २,७०० मीटरवर. दुसरा होरोम्बो येथे, सुमारे ३,७०० मीटरवर. तिसरा किबो येथे, सुमारे ४,७०० मीटरवर. प्रत्येक मुक्काम आधीच्या मुक्कामापेक्षा १,००० मीटर उंच! ही वाट सोपी आणि स्वस्त म्हणून अनेकजण पाच दिवसांची सफर ठरवतात आणि तेथेच फसतात. शहाणा माणूस होरोम्बोला एक दिवस जास्त थांबतो. त्या दिवशी तो आणखी थोडे वर फिरून येतो आणि झोपायला पुन्हा होरोम्बोला उतरतो. 'दिवसा उंच चढा, रात्री खाली झोपा' हा गिर्यारोहकांचा जुना नियम आहे. लेमोशोसारख्या लांबच्या वाटेने सात-आठ दिवस घेतले, तर शरीराला आणखी वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पायांची आणि दमाची तयारी. ती निदान तीन महिने आधी सुरू करावी. आठवड्यातून चार-पाच दिवस भरभर चालावे. इमारतीचे जिने चढावे आणि उतरावे. उतरण्याचा सराव पुष्कळजण विसरतात. शिखरावर पोहोचलेल्या माणसाला त्याच दिवशी दोन हजार मीटरपेक्षा अधिक उतरून होरोम्बोला यावे लागते. त्या वेळी गुडघ्यांची खरी परीक्षा होते. सुटीच्या दिवशी पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन जवळचा डोंगर किंवा किल्ला चढावा. चालता चालता सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली, तर वेग जास्त झाला असे समजावे. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. उंचीच्या त्रासावर काही औषधे आहेत; परंतु ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही घेऊ नयेत.

तिसरी गोष्ट म्हणजे कपडे आणि सामान. दर १,००० मीटर चढल्यावर तापमान सुमारे ६ अंशांनी उतरते. पायथ्याशी घामाच्या धारा लागतात, तर माथ्यावर पहाटे तापमान शून्याखाली दहा अंशांच्याही खाली जाऊ शकते. यासाठी एकच जाड कोट घेण्यापेक्षा कपड्यांचे तीन थर करावेत. अंगालगत घाम न धरणारा कपडा, त्यावर लोकरीचा ऊबदार कपडा आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. अंगालगत सुती कपडा नको. तो घामाने भिजतो, लवकर वाळत नाही आणि थंडीत अंग गारठते. बूट नवे कोरे नसावेत. सरावात महिनाभर वापरलेले बूट पायाला बरोबर बसतात. निघण्याआधी पायाची नखे कापून घ्यावीत. नाहीतर उतरताना ती बुटाच्या टोकावर आपटतात. कानटोपी, हातमोजे, काळा चष्मा आणि डोक्याला बांधायची बॅटरी विसरू नये. पिण्याच्या पाण्यासाठी पक्क्या बाटल्या घ्याव्यात. टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे.

दिवसभरात सुमारे तीन लिटर पाणी थोडे थोडे करून प्यावे. म्हणूनच रमजानच्या महिन्यात अशी चढाई ठरवू नये. शेवटच्या रात्री पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवावी. पाणी वरच्या बाजूने गोठू लागते. बाटली उलटी असली म्हणजे तोंडाशी बर्फ साचत नाही आणि पाणी पिता येते. आहे की नाही साधी युक्ती!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. उंचीवर डोके दुखणे, मळमळणे, भूक न लागणे, चक्कर येणे ही त्रासाची पहिली लक्षणे आहेत. ती दिसली तर पुढे चढू नये. तेथेच थांबावे. बरे वाटले नाही, तर खाली उतरावे. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साचू लागले असे समजावे. ही खरी 'हातारी'! अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. रोग्याला ताबडतोब, रात्र असली तरी, सोबत देऊन खाली न्यावे. उंची कमी होणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

आणि येथेच माणसाची परीक्षा होते. पुष्कळजण आपली डोकेदुखी लपवतात. 'मी सांगितले तर मला परत पाठवतील', 'सोबती हसतील', 'इतका खर्च वाया जाईल' असे विचार त्यांच्या मनात येतात. मित्रांनो, अशा वेळी खोटे बोलणारा माणूस फक्त स्वतःलाच नव्हे, तर त्याला उचलून आणणाऱ्या वाटाड्यांना आणि हमालांनाही संकटात टाकतो. किलिमांजारोवर वाटाड्याशिवाय जाण्यास परवानगी नाही. हे वाटाडे याच मातीत वाढलेले असतात. त्यांनी 'परत चला' म्हटले, की निमूटपणे परतावे.

परत फिरणे म्हणजे हार नव्हे. हान्स मायर या जर्मन भूगोलतज्ज्ञाचे उदाहरण घ्या. १८८७ मध्ये तो किबोच्या बर्फापर्यंत पोहोचला. बर्फावर चढण्याचे साहित्य जवळ नव्हते, म्हणून तो मागे फिरला. १८८८ मध्ये त्या प्रदेशात उठाव झाला आणि त्याला पुन्हा परतावे लागले. १८८९ मध्ये तो तिसऱ्यांदा आला. या वेळी त्याच्याबरोबर लुडविग पुर्टशेलर हा कसलेला गिर्यारोहक होता. वाटेवर ठिकठिकाणी तळ उभारून त्यांनी अन्न साठवून ठेवले होते. त्यामुळे एकदा माथा हुकला, तरी पुन्हा प्रयत्न करता येत होता. अखेर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते शिखरावर पोहोचले. पहिल्या वेळी मायर मागे फिरला, म्हणूनच तो पुन्हा येऊ शकला.

तुम्ही म्हणाल, आफ्रिका फार दूर आहे आणि तेथे जायला पैसाही पुष्कळ लागतो. खरे आहे. परंतु हेच नियम आपल्या हिमालयातही लागू पडतात. दार्जिलिंगला १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीला १९६५ मध्ये गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्था सुरू झाल्या. तेथे मुलांना आणि मुलींना रीतसर शिक्षण मिळते. त्यासाठी आजपासूनच सुरुवात करता येईल. उद्या सकाळी अर्धा तास आधी उठा. घराजवळच्या टेकडीवर किंवा इमारतीच्या जिन्यावर चढा. आणि चढताना मनाशी म्हणत राहा, "पोले पोले!"

शब्दार्थ

नवखा – अनुभव नसलेला. धडधाकट – निरोगी व मजबूत. विरळ – दाट नसलेले. जिवावर बेतणे – मरणाचा प्रसंग येणे. निमूटपणे – काही न बोलता. कसलेला – भरपूर अनुभव असलेला.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'उहुरू' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी का ठेवावी?

२. कारणे लिहा.
(अ) उंचीवर ताकदवान माणसेही आजारी पडतात.
(आ) अंगालगत सुती कपडा घालू नये.

३. 'परत फिरणे म्हणजे हार नव्हे,' हे हान्स मायरच्या उदाहरणावरून पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

४. पाठात आलेले स्वाहिली शब्द लिहा. त्यांच्यासमोर त्याच अर्थाचे उर्दू आणि मराठी शब्द लिहा.