विगनच्या गिरणीतली जेवणाची सुट्टी

आज आपण एका चित्राबद्दल बोलणार आहोत. रेडिओवर चित्र दिसत नाही, म्हणून आम्ही ते सांगतो, तुम्ही डोळ्यांपुढे आणा.

इंग्लंडमधलं विगन हे कोळशाचं आणि कापडाचं गाव. मागे लाल विटांच्या गिरण्या आणि उंच धुरांडी. दुपारची सुट्टी झाली आहे, कामकरी मुली बाहेर आल्या आहेत. कोणी बसली आहे, कोणी खाते-पिते आहे, कोणी मैत्रिणीला बिलगून उभी आहे. आयर क्रो यांनी हे चित्र १८७४ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलं. आज ते मँचेस्टरच्या कलादालनात आहे.

तो व्हिक्टोरिया राणीचा काळ. रेल्वे, पूल, भट्ट्या यांची चित्रं अभिमानाने काढली जात. विल्यम बेल स्कॉट यांच्या ‘लोखंड आणि कोळसा’ या चित्रात पुरुष घण घालतात आणि एक लहान मुलगी वडिलांचा डबा घेऊन बसली आहे. क्रोंच्या चित्रात मात्र बाया डबा पोचवायला आलेल्या नाहीत, त्या स्वतःच कामगार आहेत. असा साधा विषय चित्राला शोभत नाही, असंही तेव्हा म्हटलं गेलं.

आता त्यांच्या डोक्याकडे बघा. केसांवर जाळी आहे. ती नटण्यासाठी नाही. गिरणीत एका वाफेच्या इंजिनावर छताजवळचे दांडे फिरत आणि त्यांवरून पट्टे प्रत्येक मागापर्यंत येत. मोकळा केस पट्ट्यात अडकला, की बाई ओढली जाई.

चित्रात न दिसणारंही पुष्कळ आहे. मागांचा आवाज इतका, की बाया एकमेकींचे ओठ वाचून बोलत. अनेकींचे कान गेले, कापसाची धूळ छातीत बसली. चित्रातलं आभाळ मात्र स्वच्छ आहे.

आणि आपला धागा? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला. तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून त्या गिरण्यांकडे पूर्वीपेक्षा जास्त जाऊ लागला.

मैत्रिणींनो, मळणी यंत्राचा आणि पिठाच्या गिरणीचा पट्टा आजही तसाच फिरतो. जवळ जाताना अंबाडा घट्ट बांधा, पदर खोचा, ओढणी काढून ठेवा. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलींना जे कळलं होतं, ते आपण विसरायला नको.